पहिल्या वर्षाला डॉर्ममध्ये लिव्हिंग-लर्निंग कम्युनिटी घ्यावी का?

रानजाई
लेकीला आमच्याच राज्यातल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. १ मेपर्यंत पक्कं करायचंय. विद्यापीठावरून आता वाद नाही, वाद आहे तो हाउसिंगच्या फॉर्मवरून.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांना डॉर्ममध्ये, म्हणजे वसतिगृहात, खोली देताना एक जादा पर्याय असतो, लिव्हिंग-लर्निंग कम्युनिटीचा (एलएलसी). एका विषयाची किंवा एका आवडीची मुलं एकाच मजल्यावर राहतात, एखाद-दोन वर्ग बरोबर करतात आणि एखादे प्राध्यापक त्या मजल्याशी जोडलेले असतात. लेकीपुढे इंजिनीअरिंगच्या मुलींचा मजला आहे. त्याचा अर्ज वेगळा, दोन छोटे निबंध, आठवड्याला एक तासाचा सेमिनार आणि वर थोडी फी.

मला वाटतं घ्यावं. एवढ्या अफाट गर्दीत पहिल्या दिवसापासून ओळखीचे चार चेहरे असले तर पोर टिकेल. नवऱ्याचं म्हणणं, घर सोडायचं ते वेगळी माणसं बघायला. दिवसा इंजिनीअरिंग आणि रात्रीही इंजिनीअरिंगच, मग इतिहासवाली, नाटकवाली, शेतकीवाली मुलं तिला भेटणार कुठे? तेही पटतं. लेक म्हणते, तिथे राहिलेल्या कुणाला तरी विचारा. म्हणून हा धागा.

टेकडीवरचा
घ्या. सविस्तर रात्री लिहितो.

पिंपळपार
सावधपणे घ्या. आमच्या मुलाला (विद्यापीठाचं नाव नको) बिझनेसवाल्यांचा मजला मिळाला होता. माहितीपत्रकात प्राध्यापकांबरोबर जेवण, कंपन्यांच्या भेटी, काय काय होतं. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये एक टी-शर्ट मिळाला, सप्टेंबरमध्ये पिझ्झा, आणि प्राध्यापक वर्षभरात कुणाला दिसले नाहीत. मजल्यावरची मुलं चांगली होती, पण ती कुठल्याही मजल्यावर भेटली असती. फी मात्र पूर्ण घेतली. नुसत्या नावावर जाऊ नका.

सावनी_मिडवेस्ट
मी इथल्या एका कॉलेजात गणित शिकवते, पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस बरीच वर्षं. म्हणून जरा लांबण लावते.

रानजाई, तुमचा प्रश्न राहण्याचा वाटतो, पण माझ्या लेखी तो अभ्यासाचा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात यूरी ट्राइझमन नावाचे गणितज्ञ एक कोडं सोडवत होते. शाळेत हुशार म्हणून नावाजलेली कृष्णवर्णीय मुलं बर्कलीत आल्यावर कॅल्क्युलसमध्ये का अडखळतात? सहकाऱ्यांना विचारलं तर उत्तरं ठरलेली: तयारी कमी, घरची परिस्थिती, जिद्द नाही. ट्राइझमन त्या मुलांच्या मागे फिरले, ती कुठे आणि कशी अभ्यास करतात ते पाहिलं, आणि यातलं एकही कारण टिकलं नाही. त्यांना दिसलं ते असं: ही मुलं एकटी अभ्यास करत होती. अभ्यास एकीकडे, मित्र दुसरीकडे. चिनी वंशाची मुलं आधी आपापला गृहपाठ करत, मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत, कुठे अडलं ते बोलत, जेवतही बरोबर. एखादं गणित सगळ्यांनाच अडलं तर ते मुळातच अवघड आहे हे त्यांना कळायचं. एकट्या बसलेल्या मुलाला मात्र वाटायचं, मलाच येत नाही.

त्यावरून त्यांनी कार्यशाळा सुरू केल्या. महत्त्वाचं म्हणजे त्या 'कच्च्या' मुलांच्या शिकवण्या नव्हत्या. उलट जास्त अवघड गणितं द्यायची आणि ती गटात सोडवायची. निकाल इतके बदलले की पुढे अनेक विद्यापीठांनी ती पद्धत उचलली.

चांगली एलएलसी हेच काम भिंतींच्या मदतीने करते. रात्री अकराला इंटिग्रल अडलं की शेजारच्या दारावर टकटक करायची, आणि त्या दारामागच्या मुलीलाही उद्या तेच द्यायचं असतं. म्हणून हाउसिंग ऑफिसला एकच गोष्ट आधी विचारा: मजल्यावरच्या मुलींना कॅल्क्युलसच्या किंवा केमिस्ट्रीच्या एकाच सेक्शनमध्ये घालता का? 'हो' आलं तर घ्या. 'नाही, पण आम्ही खूप कार्यक्रम करतो' असं आलं तर पिंपळपार म्हणतात तसा टी-शर्ट मिळेल.

पिंपळपार
सावनी, हा प्रश्न आम्हाला कुणी सांगितला असता तर! आमच्याकडे सामाईक वर्ग एकही नव्हता.

गवती_चहा
मूळ प्रश्न बाजूला ठेवून: मील प्लॅनमध्ये वरणभात मिळतो का हो? माझा भाचा डिसेंबरात घरी आला तो सरळ कुकरपाशी.

ओहायोची_सून
@गवती_चहा, डाळ मिळते हल्ली, वरण नाही. आणि खोलीत कुकर चालत नाही, हॉटप्लेटही नाही. आमच्या पुतण्याने मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली आणि अलार्म वाजला. जानेवारीत मध्यरात्री अख्खी इमारत पायजम्यात बर्फात उभी! फायदा एकच, त्या रात्रीनंतर इमारतीत त्याला ओळखत नाही असं कुणी उरलं नाही. ओळखी व्हायला एलएलसीच लागते असं नाही :)

टेकडीवरचा
आता सविस्तर.

ही कल्पना गेल्या वीस-तीस वर्षांतली आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. मी मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकलो. तिथे तलावाकाठी अॅडम्स हॉल नावाचं वसतिगृह आहे. १९२७ साली अलेक्झांडर मायकलजॉन यांनी त्यात 'एक्स्पेरिमेंटल कॉलेज' सुरू केलं. पहिल्या दोन वर्षांची मुलं तिथे राहत आणि शिक्षकांची ऑफिसंही त्याच इमारतीत. सुटे सुटे विषय नाहीत. पहिलं वर्षभर सगळ्यांनी मिळून एकच अभ्यासायचं, इसवीसनपूर्व पाचव्या शतकातलं अथेन्स. दुसऱ्या वर्षी आधुनिक अमेरिका. मधल्या सुट्टीत प्रत्येकाने आपापल्या गावाचा आणि परिसराचा अभ्यास करून लिहायचं. मला ही शेवटची गोष्ट फार आवडते. अथेन्सची लोकशाही वाचून आलेला मुलगा आपल्या गावची नगरपालिका बघतो!

१९३२ मध्ये ते बंद पडलं. मंदी आली होती, मुलं कमी झाली होती, विद्यापीठातल्या इतरांचा रोषही होता. पण बी पडलं ते पडलं. १९६० च्या दशकात विद्यापीठं भराभर फुगली, तेव्हा 'मोठ्यात लहान' काहीतरी हवं म्हणून ते पुन्हा रुजलं. अॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठाचं रेसिडेन्शिअल कॉलेज १९६७ चं, मिशिगन स्टेटचं जेम्स मॅडिसन कॉलेजही त्याच सालचं. इलिनॉयच्या अॅलन हॉलमधला युनिट वन १९७२ चा. तिथे कलावंत, कार्यकर्ते पाहुणे म्हणून येऊन खुद्द वसतिगृहात मुक्काम करतात.

माझा मुद्दा असा की शिक्षक आणि मुलं एका छपराखाली असणं हा याचा गाभा. मजल्याला नाव देणं सोपं, प्राध्यापकाला संध्याकाळी सातला तिथे आणणं अवघड. रानजाई, भेटीला जाल तेव्हा विचारा: प्राध्यापकांचं ऑफिस इमारतीत आहे का?

पंचगंगाकाठ
धागा अमेरिकेचा आहे, पण रानजाईंच्या यजमानांचा प्रश्न आमच्या कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता. 'आपल्यांत ठेवायचं की सगळ्यांत मिसळू द्यायचं?'

शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. कागदावर सगळ्यांना खुलं, पण प्रत्यक्षात त्यात बहुजनांच्या मुलांना जागा उरली नाही. मग १९०१ पासून त्यांनी वेगळी बोर्डिंगं काढायला मदत केली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जमिनी दिल्या, इमारती दिल्या, वर्षासनं दिली. वेगळं ठेवणं हा त्यामागचा हेतू नव्हता. खेड्यातून पहिल्यांदा शहरात आलेल्या पोराला आधी पाय रोवायला जागा हवी, चार आपले मोठे भाऊ हवेत, हे त्यांनी ओळखलं होतं.

इंजिनीअरिंगच्या वर्गात आजही मुली थोड्याच असतात. ज्यांची संख्या कमी, त्यांना रात्री परतायला आपला मजला असू द्या. दिवसभर त्या सगळ्यांत मिसळतातच, तिथे त्यांना पर्याय कुठे असतो?

सातारी_कंदी
पंचगंगाकाठ, मनापासून आदर ठेवून विरोध करतो, कारण तुम्ही गोष्ट अर्ध्यात थांबवलीत.

त्याच कोल्हापुरात त्याच जैन बोर्डिंगात एक मुलगा शिकत होता, भाऊराव पाटील. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला, परत आल्यावर त्याला सांगितलं आंघोळ करून मग आत ये. त्याने नकार दिला आणि बोर्डिंगातून काढला गेला. पुढे याच माणसाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग. एकच चूल, एकच पंगत, भाकऱ्या मुलांनीच थापायच्या, शेतात राबायचं, विहिरीचं पाणी काढायचं. कमवा आणि शिका. नाव मात्र शाहू महाराजांचंच दिलं, छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. पोरांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा.

माझे आजोबा रयतच्या बोर्डिंगात वाढले. ते म्हणायचे, वर्गात बाकावर शेजारी बसून जात जात नाही, एका परातीत पीठ मळल्यावर जाते. म्हणून मी रानजाईंच्या यजमानांच्या बाजूचा. सोळा-सतरा वर्षं आपल्यासारख्यांतच काढली, आता तरी शेजारची खोली वेगळ्या माणसाची असू दे.

पंचगंगाकाठ
भाऊरावांपुढे मी काय बोलणार, नतमस्तक आहे. पण एक बघा. त्यांनी साताऱ्यात मुलं मिसळली ती नुसती एका छपराखाली सोडून नाही. राबणं एक, जेवण एक, देखरेखीला स्वतः ते आणि लक्ष्मीबाई. इथल्या साध्या डॉर्मच्या मजल्यावर मुलं शेजारी राहतात, पण दार लावून, कानात इयरफोन घालून. ते मिसळणं होईल का?

सातारी_कंदी
हे मान्य. एकत्र काम हवं. ते नसेल तर माझंही म्हणणं लंगडं पडतं.

सावनी_मिडवेस्ट
तुम्हा दोघांचा हा वाद इथेही झालेला आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातलं डुबॉइस कॉलेज हाऊस आणि कॉर्नेल विद्यापीठाचं उजामा, ही दोन्ही वसतिगृहं १९७२ ची, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या मागणीतून आलेली. 'हे वेगळं राहणं झालं' असा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. आणि 'आधी आम्हाला श्वास घेऊ द्या' हे उत्तरही तेच आहे. मी पंचगंगाकाठ यांच्या बाजूने झुकते, कारण वर्गात एकट्या पडलेल्या मुली मी रोज बघते. हात वर करायच्या आधी त्या तीनदा विचार करतात.

नांगरगाव
रूममेटबद्दल कुणी बोललं नाही. डार्टमथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना खोल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या मिळायच्या. त्याचा फायदा घेऊन ब्रूस सेसरडोट या अर्थतज्ज्ञाने २००१ मध्ये शोधनिबंध लिहिला. खोलीतल्या साथीदाराचा परिणाम मार्कांवर होतो, कोणत्या क्लबात मूल जाईल यावरही होतो, पण मुख्य विषय कोणता घ्यायचा यावर दिसला नाही. म्हणजे 'शेजारीण इंजिनीअर नसेल तर लेक इंजिनीअरिंग सोडेल' ही भीती नको, आणि 'सगळ्या इंजिनीअर असल्या तर ती दुसरं काही बघणारच नाही' हीसुद्धा नको.

ड्यूक विद्यापीठाने तर २०१८ पासून पहिल्या वर्षाला रूममेट स्वतः निवडायची सोय बंद केली. मुलं इन्स्टाग्रामवर आपल्यासारखीच शोधून येत होती म्हणून. म्हणजे मजला आवडीचा, पण खोली अनोळखी व्यक्तीबरोबर, असा मधला मार्ग निघतो. एलएलसीत रूममेट विद्यापीठाने ठरवला तर यजमानांचाही मान राहील.

ओवी_दुसरंवर्ष
काकू, मी अशाच मजल्यावर राहिले, इंजिनीअरिंगच्या मुलींच्या. आता दुसऱ्या वर्षाला आहे. आई हा धागा वाचत होती, तिने लिही म्हणून सांगितलं.

चांगलं आधी. पहिली केमिस्ट्रीची परीक्षा फार वाईट गेली. मी खोलीत येऊन रडत होते, तर बाहेर लाउंजमध्ये अजून सहा जणी तशाच बसलेल्या! तेव्हा कळलं की मी एकटी नाही. सावनीमॅडमनी लिहिलंय ना, 'मलाच येत नाही', ते अगदी खरं आहे. आमची आर.ए. (रेसिडेंट असिस्टंट, म्हणजे मजल्याची जबाबदारी असलेली वरच्या वर्षाची विद्यार्थिनी) तिसऱ्या वर्षाची मेकॅनिकलची होती. कोणत्या सरांचा लॅब रिपोर्ट कसा लिहायचा, इंटर्नशिपचा जॉब फेअर सप्टेंबरातच असतो आणि पहिल्या वर्षाच्यांनीही जायचं असतं, हे तिनेच सांगितलं. माझ्या साध्या डॉर्ममधल्या मैत्रिणींना ते फेब्रुवारीत कळलं.

आता दुसरी बाजू. तुलना फार होते. कुणाला किती मार्क, कुणाला कुठे इंटर्नशिप, हे जेवतानाही सुरू. नोव्हेंबरात मला ते नकोसं झालं, म्हणून मी ढोलकी घेऊन इंडियन स्टुडंट्सच्या ग्रुपमध्ये जायला लागले. तिथे इतिहासवाली, नर्सिंगवाली सगळी भेटली. काकांना सांगा, मजल्यावर राहिलं म्हणून कुणी बाहेर पडायचं थांबत नाही. मात्र पाऊल स्वतः उचलावं लागतं.

आणि निबंध तिलाच लिहू द्या. वाचणाऱ्यांना कळतं.

ओहायोची_सून
ओवी, किती छान लिहिलंस गं! ढोलकी तिथपर्यंत नेलीस हेच केवढं आहे.

गुलमोहर_पुणे
इकडची गोष्ट सांगतो. रॅगिंगविरोधात यूजीसीने २००९ मध्ये नियम केले. त्यांत आहे की नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवावं. नियम हवाच होता, पोरांचे जीव जात होते. पण त्यात एक गोष्ट हरवली असं मला वाटतं. आमच्या वेळी वरच्या वर्षाचा मुलगा जुन्या नोट्स द्यायचा, कोणती जर्नल्स आधी पुरी करायची ते सांगायचा, ताप आला तर ससूनला न्यायचा. आता पहिल्या वर्षाची सगळी एकाच ब्लॉकमध्ये, सगळी सारखीच गोंधळलेली. ओवीने आर.ए.बद्दल लिहिलं तसं निवडलेलं, प्रशिक्षण दिलेलं, जबाबदार मोठं मूल प्रत्येक मजल्यावर असावं. आपल्याकडे रेक्टर असतात, पण ते दाराचं कुलूप आणि हजेरीच बघतात.

पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं मात्र बघण्यासारखी आहेत. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये काम सुरू केलं. खेड्यातली गरजू मुलं येतात, वसतिगृहातली कामं वाटून करतात, शिकून गेलेले परत येऊन नव्यांना हात देतात. एलएलसी हे नाव तिथे कुणी ऐकलं नसेल, पण सगळं तेच.

टेकडीवरचा
गुलमोहर, हे फार मोलाचं. माजी मुलं परत येतात हा तर आमच्याकडच्या कार्यक्रमांत सगळ्यात दुबळा भाग.

नांगरगाव
रानजाई, व्यवहाराचं एक. 'फर्पा' हा १९७४ चा कायदा. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींचा हक्क त्याचा. मार्क, हजेरी यांतलं काही विद्यापीठ तुम्हाला आपणहून कळवणार नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. त्यामुळे 'मजल्यावर कुणीतरी लक्ष ठेवेल आणि आम्हाला सांगेल' ही आशा असेल तर सोडा. लक्ष ठेवतील, पण बोलतील तिच्याशी.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी आम्ही तिघं कॅम्पसवर जाऊन आलो. फॉर्म लेकीनेच हातात घेतला आणि प्रश्नही तिनेच विचारले.

कॅल्क्युलसचं एक सेक्शन या मजल्याचं आहे, केमिस्ट्रीचं नाही. प्राध्यापकांचं ऑफिस इमारतीत नाही, पण सेमिनार तिथेच खाली होतो आणि त्या बाई दर आठवड्याला येतात, हे तिथल्या दोन मुलींनी वेगवेगळं सांगितलं. रूममेट विद्यापीठ ठरवतं, मजल्यावरचीच पण दुसऱ्या शाखेची. फी विचारली, ती आर्थिक मदतीत धरतात.

नवऱ्याने सातारी_कंदींचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला आणि लेकीला म्हणाला, मजला घे, पण एकत्र राबायचं असं एक काम बाहेर शोध. तिने कॅम्पसच्या शेतावर स्वयंसेवक म्हणून नाव द्यायचं ठरवलंय. निबंध अजून लिहायचे आहेत. मी हात लावणार नाही, ओवी.

सातारी_कंदी
शेत! यजमानांना माझा नमस्कार सांगा.

मोगरा_टेक्सास
धागा थोडा वळवते. मुलाचं अजून काहीच ठरलेलं नाही, 'अनडिक्लेअर्ड' म्हणून जातोय. त्याच्यासाठी असं काही असतं का? सगळे मजले विषयांचेच दिसतात.

सावनी_मिडवेस्ट
मोगरा, असतं, आणि माझ्या मते त्यालाच सगळ्यात जास्त गरज आहे. इंजिनीअरिंगच्या मुलाला निदान विभागाचं एक दार तरी माहीत असतं, या मुलांना कुठलंच नाही. काही विद्यापीठांत विषय न ठरलेल्यांसाठी खास मजले असतात. तसं नसेल तर विषयाऐवजी कामाभोवती जमलेला मजला बघा, म्हणजे समाजसेवा, पर्यावरण किंवा नेतृत्व यांचा. तिथे सगळ्या शाखांची मुलं येतात. दोन गोष्टी विचारून घ्या. कोर्स निवडायला मदत करणारा सल्लागार इमारतीत येऊन बसतो का, आणि मध्येच विषय ठरला तर मजला सोडावा लागतो का.

मोगरा_टेक्सास
दुसरा प्रश्न सुचलाच नव्हता! उद्या सकाळी हाउसिंगला फोन करायला त्यालाच सांगते. काय उत्तर येतं ते इथेच लिहीन.